फिरता कांदा

शेजारच्या जुलेखानं कर्फ्यूच्या पहिल्याच दिवशी भिंतीवरून वाडगाभर डाळ दिली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही शेवंताबाईंची रीत. पण घरात उरला होता एकच कांदा. तोच त्यांनी वाडग्यात घातला.

संध्याकाळी वाडगा पुन्हा भिंतीवर. आत तोच कांदा. "मावशी, शेवटचा दिसतोय. राहू द्या तुम्हालाच."

आता वाडगा रिकामा कसा द्यायचा? कांदा परत निघाला. बाहेर दुकानं जळत होती, इथे कांदा येरझारा घालत होता. वाडगा दिसला की पलीकडची माणसं शाबूत, एवढं कळायचं.

आठव्या दिवशी कांद्याला हिरवा कोंब फुटला, तरी कुणी माघार घेईना. आवाज चढले. शिपाई काठी आपटत धावत आला. "कसली दंगल चाललीय?"

"ही मेली कांदा घेत नाही!" शेवंताबाई कडाडल्या.