सकाळी काय दिसेल?

देवळाली प्रवराचे भागवतराव बायकोला, विजयमालाला, राहुरीच्या समुपदेशक बाईंकडे घेऊन आले. "हिला कशातच सुख वाटत न्हाई. जरा समजावून सांगा."

बाईंनी विजयमालाला विचारलं, "समजा, आज रात्री चमत्कार झाला आणि तुमचं दुःख संपलं. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय वेगळं दिसेल?"

"च्या येळेवर मिळंल," भागवतराव म्हणाले. "अन् ही तोंड पाडून बसायची न्हाई."

"मी ताईंना विचारलंय."

"तिला काय सांगता येतंय? मी हाय ना!"

बायकोचं दुःखसुद्धा त्यांनाच जास्त कळत होतं. शेवटी बाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते कुरकुरत गेले. दार लागलं, तशी विजयमालाने मान वर करून शेजारी बघितलं.



"ह्यांची खुर्ची अशी मोकळी दिसंल, मॅडम."