जुन्या संगणकातला फोटो

सुलभाताईंचा जुना संगणक आज सुरू व्हायलाच पंचवीस मिनिटं लागली.

"अगं, किती दिवस रखडणार याच्यावर? नवा आणलाय ना तुला. सगळं आपोआप त्यात जातं," त्यांचे यजमान रत्नाकर म्हणाले.

"सगळं नाही जात हो."

सरकारी यादीतून वगळलेली माणसं नव्या संगणकात उतरत नसत, आणि तो वापरणाऱ्याच्या आठवणीतूनही पुसली जात. रत्नाकरांनी स्वतःचा मार्चमध्येच बदलला होता.

जुन्या पडद्यावर फोटो उमटला. वेंगुर्ल्याचा किनारा, ते दोघं आणि मध्ये पुढचे दात पडलेला मुलगा.

"गोड आहे गं! कुणाचा?"

"आपला निषाद."

"काहीतरीच! आपल्याला कुठे मूल?" हसत त्यांनी नवं खोकं पुढे ओढलं. "कात्री दे जरा."

"सापडत नाहीये," म्हणत सुलभाताईंनी कात्री पदराखाली घट्ट धरली.