चौसष्ट जीबी नदी

गच्चीवर वाळत घातलेली जांभळी साडी.

एका हाताची सावली. हात नाही.

मृणाल पाटावर बसून केळं खाते आहे. केळं नाकाला.

कोणीतरी म्हणतं, "बाजूले व्हा रे," आणि तिथंच संपतं.

पुन्हा जांभळी साडी. या वेळी डावीकडे.

पाणी. गोटे. पाणी.

हे सगळं कुलदीपच्या फोनात होतं, आणि फोनात आता जागा नव्हती.

सौंसरच्या मोबाइलच्या दुकानात भूपेंद्रनं फोन हातात घेतला आणि अंगठ्यानं वर सरकवत नेला. नदी, नदी, नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदी. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे रोवलेला पळस, त्यावर झेंडा. दोन्हीकडून गोटे, दरवर्षीची गोटमार.

"कुलदीपभाऊ, साध्या माणसाले चौसष्ट जीबी खूप होते. हे काय भरून ठेवलं तुमी?"

"मले दोनशे छप्पनवाला दाखव."

"तो सोमवारी येते. पन मी म्हनतो, एवढी जागा लागते कायले?"

कुलदीपनं काळा चष्मा काढून पुसला. त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी उघडत नव्हती. भूपेंद्रनं नजर पुन्हा फोनवर नेली.

"डोळ्याले लागला तो गोटा कोनाचा होता ते पाहून राहिले," सुचिता म्हणाली. ती नवऱ्याशेजारच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर जामसांवलीच्या हनुमानाच्या प्रसादाची पिशवी. "पोळ्यापासून हेच चालू हाय. ज्यानं पाठवलं, जे पाठवलं, सारं ठेवलं. माह्या माहेरचा एकेक हात तपासून राहिले."

सुचिताचं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा.

"चिंधूचं नाव मी घेतलं काय?" कुलदीप म्हणाला.

"तेच तर. भावाचं नाव घेतलं असतं, तर भांडली असती मी. तुमी काही बोलतच नाही."

भूपेंद्रनं दोघांकडे पाहिलं नाही. दोन व्हिडिओ पुढं-मागं केले.

"यातले अर्धे तर एकच व्हिडिओ हाय भाऊ. येगयेगळ्या ग्रुपातून आलेला. हे डिलीट करू?"

"नाही. एकात दिसत नाही ते दुसऱ्यात दिसन."

"एकच हाय म्हनतो ना मी. अन् हा पहा. साडी इथं उजवीकडं, इथं डावीकडं. हा उलटा हाय. कोनी फिरवून टाकला असन, आरशावानी."

"उलटा म्हंजे?"

"म्हंजे तुमी ज्याले सावरगावचा काठ समजून राहिले, तो पांढुर्ण्याचा हाय."

कुलदीपनं फोन घेतला. आडवा धरला. उभा धरला. याच व्हिडिओत त्यानं तो हात पक्का केला होता, पांढऱ्या बाहीचा. कितीतरी रात्री त्या बाहीत त्यानं चिंधूला बसवून पाहिलं होतं. आता ती बाही त्याच्याच काठावर उभी होती, त्याच्याच पाठीमागं कुठंतरी, आणि तिथं उभे होते ते सगळे त्याच्या आळीतले.

"असं कसं होइन," तो म्हणाला. मग म्हणाला, "साडी कोनाची हाय मंग?"

साडीचा कोणाला काय पत्ता.

"एक ड्रोनवाला व्हिडिओ हाय," त्यानं भूपेंद्रला सांगितलं. "तो ड्रोनवाला पोट्टा म्हने, लिंक आजचाच दिवस ठेवतो, मंग काढून टाकतो. वरून घेतला. त्यात साफ दिसन. पन उतरत नाही, जागा नाही म्हनते."

"नदी ठेवायची, तर दुसरं काहीतरी काढा लागन." भूपेंद्रनं शोधलं. फार शोधावं लागलं नाही. "दुसरं म्हंजे हे तुमच्या पोरीचेच व्हिडिओ हाय. बारशापासूनचे दिसते. वहिनी, हे अजून कुठं ठेवले काय?"

"कुठं ठेवीन? फोन तर एकच हाय घरात."

"मंग?"

कुलदीप एका डोळ्यानं फोनकडे पाहत होता. भूपेंद्र थांबला. सुचितानं प्रसादाची पिशवी एका मांडीवरून दुसरीवर घेतली, तिची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"करा डिलीट," ती म्हणाली. "पोरगी काय, घरी हायच. ह्यायले नदी पायजे."

भूपेंद्रनं तरी कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे भूपेंद्रला नीट कळलं नाही. त्यानं अंगठा टेकवला.

मृणाल पाटावरून गेली. केळं गेलं.

ड्रोनचा व्हिडिओ हळूहळू उतरला. तिघांची डोकी एका फोनवर आली. खूप वरून नदी मळकट पट्ट्यासारखी दिसत होती, आणि दोन्ही काठांवर दाणे सांडावेत तशी माणसं. काठ सारखे. दाणे सारखे. मधून मधून काहीतरी बारीक इकडून तिकडे जात होतं, किंवा तिकडून इकडे. कुलदीपनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. दाण्यांचे चौकोन झाले. अजून मोठं केलं. नुसते रंग उरले.

त्यानं फोन सुचितापुढे धरला.

"यात आपन कोनते?"

सुचितानं बराच वेळ पाहिलं. खरंच पाहिलं.

"मले नाही समजून राहिलं," ती म्हणाली.

गोटमारीच्या दिवशी सकाळपासून गोटा लागेपर्यंत कुलदीपही गोटे मारत होता.