चौथं शील

"मेणिके, आज तू खोटं बोलायची नाहीस," एमलिन अक्का हळूच म्हणाली. "म्हणून तर पोयाची वाट बघत थांबले."

आज पोया होता, पौर्णिमेचा शील पाळायचा दिवस. दुपारचे तीन. विहाराच्या मंडपात गावातल्या तीस-चाळीस बायका पांढऱ्या कपड्यांत चटयांवर बसल्या होत्या. सकाळी सहाला सगळ्यांनी भन्तेंकडून अष्टशील, म्हणजे आठ नियम पाळायचं व्रत, घेतलं होतं, ते संध्याकाळी सहाला परत करायचं. तोवर बारानंतर अन्न नाही, गाणं नाही, उंच आसन नाही. आणि खोटं तर नाहीच नाही. पोयाला शील घेतलेली बाई खोटं बोलली असं या गावात कधी कुणी ऐकलं नव्हतं.

मेणिकेनं डोळे उघडलेच नाहीत. श्वास आत, श्वास बाहेर. बसच्या रांगेत, भात शिजेपर्यंत चुलीपुढे, सरकारी दवाखान्याच्या बाकावर, जिथं असेल तिथं ती श्वास बघत बसायची. मेणिकेच्या छपराला आग लागली तरी ती आधी श्वास बघेल आणि मग बादली उचलेल, अशी बायका तिची थट्टा करत. गेले चौदा दिवस मात्र श्वास नाकातून आत जायचा आणि छातीत काट्यासारखा अडकायचा.

चौदा दिवसांपूर्वी, रविवारी, अक्काची सात वर्षांची नात सेनुलि धम्मशाळा सुटल्यावर घरी येत होती. पांढरा फ्रॉक, वेणीला पांढऱ्या फिती. कालव्याच्या वळणावर एका रिक्षानं तिला उडवलं आणि रिक्षा थांबली नाही. पोर रस्त्यावरच गेली. लांबून कुणीतरी बघितलं होतं. रिक्षा हिरवी होती, एवढंच त्याला सांगता आलं.

"तुझ्या असंकची रिक्षा हिरवी आहे," अक्का म्हणाली.

"हिरव्या शंभर असतील, अक्का."

"असू देत. मला एकाच रिक्षाचं सांग. त्या सकाळी ती तुझ्या अंगणात होती का बाहेर गेली होती?"

"पोलीस येऊन गेले की. त्यांना सांगितलंय मी."

"तेव्हा पोया नव्हता, बाई."

असंक त्या दिवशी धापा टाकत आला होता. "अम्मा, कुत्रं आडवं आलं," म्हणाला होता. तिनंच विहिरीचं पाणी काढून रिक्षाचं तोंड धुतलं. धुताना फुटलेल्या दिव्याच्या खाचेतून एक पांढरी फीत निघाली. कुत्र्याच्या गळ्यात फीत कुणी बांधत नाही, हे तिला तेव्हाच कळलं. तिनं ती फीत चुलीत घातली आणि पोराला जेवायला वाढलं. आता रिक्षा मागच्या झापाखाली होती, नारळाच्या झावळ्यांनी झाकलेली. मंगळवारी असंक कुवेतला जाणार होता. बॅग भरून तयार होती. आज रविवार. दोन दिवस, फक्त दोन दिवस निभवायचे होते.

"बोल की गं," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मी त्याला फासावर चढवायला नाही निघाले. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. रस्त्यावरची प्रत्येक हिरवी रिक्षा मला खायला उठते. मला एकच तोंड कळू दे."

मेणिकेला रडू फुटेल असं वाटलं. सेनुलिला तिनंही मांडीवर घेतलं होतं, कितीदा तरी. पण असंक तिच्या पोटचा होता.

"मला घेरी येतेय, अक्का," ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.

तिनं मनाशी ठरवलं होतं. आजारी बाईनं शील आधीच परत केलं तर कुणी नावं ठेवत नाही. परत करायचं, चटईवर येऊन बसायचं आणि एवढंच म्हणायचं, अंगणातच होती. जे पाप लागायचं ते लागो. पोर तर सुटेल.

पुढे धाकटे भन्ते बसले होते. ती गुडघे टेकून वाकली. "भन्ते, बरं नाही. शील परत करते."

"धण्यांचा काढा घ्या थोडा, उपासिके. तीन तासच तर राहिलेत."

"नाही जमायचं, भन्ते."

त्यांनी मान हलवली आणि हात जोडायला सांगितलं. आता पंचशील म्हणायचं होतं. आठ उतरवली की पाच अंगावर घ्यावीच लागतात, उघडं कुणाला सोडत नाहीत. मेणिका चाळीस वर्षं हे करत आली होती. रोज सकाळ-संध्याकाळ तोंडपाठ म्हटलेल्या त्या पाचांत चौथं कोणतं येतं, ते मात्र तिच्या आत्ता ध्यानातच आलं नव्हतं.

भन्ते एकेक ओळ म्हणत होते, ती मागून म्हणत होती. पहिली झाली. दुसरी, तिसरी झाली.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," भन्ते म्हणाले. खोटं बोलणार नाही, हे चौथं.

मेणिकेनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

बाईला ऐकू कमी येत असेल असं वाटून भन्तेंनी तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं. मंडपातल्या बायकांनी डोळे उघडले. मेणिकेचे ओठ हलले, नुसतेच हलले. भन्ते तिसऱ्यांदा ओळ म्हणायला लागले.

मागे एमलिन अक्का उठून उभी राहिली होती.

"राहू द्या, भन्ते," ती म्हणाली. "मला ऐकू आलं."