अठरावा हात

टेपचं टोक तिने तलावाच्या उथळ बाजूच्या भिंतीला अंगठ्याने दाबून धरलं होतं. अंगात अजून ओला पोहण्याचा पोशाख, वरून आईचा स्वेटर. टेपची चकती सोडत सर काठाकाठाने खोल बाजूकडे निघाले होते.

सकाळी निवड चाचणी होती, दुसऱ्या तलावात, पन्नास मीटर, म्हणजे एकदा जायचं आणि एकदा यायचं. हात मारत, मोजत अठराव्या हाताला तिने वळण्यासाठी पाण्यात कोलांटी घेतली, भिंतीला रेटा द्यायला पाय ताणले, आणि पायांना भिंत लागलीच नाही. नुसतं पाणी. अंधारात नसलेली पायरी उतरावी तसे पाय रिकामे गेले. ती उलटी लटकली होती तोवर बाकीच्या वळून निघूनही गेल्या. काठावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

अठरा हा आकडा सरांनीच तिच्या अंगात मुरवला होता. घड्याळ फसवेल, हात फसवणार नाहीत, हात मोजा, हे त्यांचं रोजचं. सहा महिने ड्रिल चालले होते. मुठी आवळून पोहायचं, म्हणजे कोपरापासूनचा हात पाणी धरायला शिकतो. एक हात पुढे लांब ठेवायचा आणि दुसरा त्याला येऊन मिळेपर्यंत हलवायचा नाही. शेवटचे पाच हात डोळे मिटून मोजायचे आणि आकड्यावर वळायचं. सुरुवातीला तिला एका फेरीला वीस हात लागायचे, पाणी उडायचं, सगळे तिला पवनचक्की म्हणायचे. मग हा तलाव दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहिला. उघडल्यावर आठवड्यातच विसाचे अठरा झाले आणि पन्नास मीटरला छत्तीस सेकंदांचे तेहतीस. सरांनी ते फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि पवनचक्की बंद पडली असं जाहीर केलं. निवडीला चौतीस पुरत होते. घरी ठरलेलंच होतं. निवड झाली तर क्रीडाशाळा, नाही तर टॉवेल धुऊन कपाटात आणि दहावीचं बघायचं.

सर पलीकडच्या काठाशी वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. मग उठून आणखी दोन पावलं मागे गेले, तिथे खुर्ची टाकून आई बसली होती. आईने पाय वर घेतले. सरांनी टेप तिच्या खुर्चीखाली सरकवली.

टेप सोडून ती धावत गेली.

काठाशी तेवीस मीटर भरले होते. पंचवीस आईच्या खुर्चीखाली.

खोल बाजूची जुनी भिंत गळत होती. गवंड्याने ती फोडायचे कष्ट घेतले नव्हते. तिच्यापुढे दुसरी बांधली, मधल्या जागेत पाण्याची टाकी बसवली आणि वर फरशी टाकून दिली. वळायची खूण म्हणून असलेली तळाची काळी रेघसुद्धा नव्या भिंतीपासून मोजूनमापून थांबवली होती. लांबी तेवढी कोणी मोजली नव्हती. उलट, आता ऐसपैस बसता येतं म्हणून आई त्या गवंड्याचं कौतुक चार जणींना करून आली होती.

"म्हणजे माझं चुकलंच नाही," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला. "सर, मी बरोबर वळले. भिंतच चुकली."

आई तर उठून उभीच राहिली. पदर खोचला, पर्स काखेत मारली. आत्ताच्या आत्ता जाऊ, त्यांना ही टेप दाखवू, चाचणी परत घ्यायला लावू, तिथे कोण साहेब बसतो ते मी बघते, असं तिचं एका दमात सुरू झालं. आई भांडायला निघाली की समोरचा साहेब आधीच हरलेला असतो, हे लेकीला माहीत होतं. तिला हसूच आलं.

सर हसले नाहीत. खिशातलं पेन काढून ते तळहातावर काहीतरी लिहीत होते.

"परत घेतील ते," सर म्हणाले. "छत्तीस येतील."

त्यांनी तळहात तिच्यापुढे धरला. भिंतीला रेटा दिला की पहिले पाच मीटर नुसतं सरकायचं. पूर्वी उरायचे वीस मीटर, तिला लागायचे वीस हात. आता उरत होते अठरा मीटर, आणि अठरा हात. त्याखाली सेकंदांचाही हिशोब मांडला होता, शेहेचाळीस मीटरला तेहतीस, तर पन्नासला छत्तीस. तो तिने पुरता वाचलाही नाही. गणितात ती पहिल्यापासून बरी होती.

"म्हणजे सहा महिन्यांत काहीच नाही?"

सरांनी मूठ मिटली. ड्रिलमध्ये आवळायला शिकवायचे तशी, घट्ट.

"मला वाटलं, मला शिकवता येतं," ते म्हणाले.

आईला हिशोब कळला नव्हता, पण दोघांची तोंडं कळली. तिने काखेतली पर्स हळूच खाली ठेवली आणि परत बसायला खुर्ची ओढली.

"आई, जरा मागे घे ना खुर्ची."

आईने घेतली.

"अजून."

खुर्चीची पाठ कुंपणाला टेकली. मोकळ्या झालेल्या जागी फरशीत सिमेंटची एक बारीक रेघ होती, जुन्या काठाची. तिने स्वेटर काढून आईकडे दिला. रेघेवर पायाची बोटं रोवली, गुडघे वाकवले, हात मागे नेले, शिट्टी व्हायच्या आधी उभं राहतात तशी उभी राहिली.

समोर दोन मीटर कोरडी फरशी होती. पाणी त्यापुढे होतं.