अण्णाचं तिकीट

"निवृत्तीअण्णानं लॉटरीचं तिकीट काढलं, तर भर चौकात मिशी उतरवीन," सर्जेरावानं शेजाऱ्यांशी पैज मारली. अण्णा एकटा जीव आणि पक्का चिक्कू. पाहुण्याला पाणीसुद्धा अर्धा पेलाच द्यायचा. त्यात सरकारी लॉटरीत पैसे चालतच नव्हते. यंत्रात बोट घातलं, की तिकिटामागं आयुष्यातला एक दिवस कापला जायचा. एखाद्याला वीस वर्षांचं बक्षीस लागायचं, बाकीचे दिवस आजारी पोरांना मिळायचे. सर्जेरावाची लेक चिमी त्याच दिवसांवर जगत होती.

श्रावणात दवाखान्यातला दिवसांचा साठा आटला. चिमीसाठी उद्याचा दिवससुद्धा उरला नाही.

सकाळी लॉटरीवाला मोईन धापा टाकत आला.

"सर्जेराव, अण्णा गेले. तिकिटांवर तिकिटं काढत बसले. म्हणाले, सगळे दिवस चिमीला दे. मी हात ओढायला गेलो, तर म्हणाले, 'गप रे, पहिल्यांदाच खर्च करतोय.'"

दुपारी सर्जेराव चौकात न्हाव्यापुढं बसला. मिशी उतरली. पैज जिंकलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. न्हावी वस्तरा पुसायला लागला.

"थांब, डोकंपण कर," सर्जेराव म्हणाला. "अण्णाला पोरबाळ नाय. मडकं मी धरणार."