वाटीमागची चरबी

नातीची अंघोळ झाली, पण तिला पसरलेल्या पायांवर घेऊन मोरीत बसलेल्या आईला काही उठता येईना. "आधी पोरीला घे, गारठेल," ती लेकीला म्हणाली. केतकीने पोटाचे टाके सांभाळत बाळ उचललं, दुपट्यात गुंडाळलं.

आई मूळची काटकुळी, अंगावर मूठभर मांस नाही. पण काल डॉक्टर म्हणाले होते, "गुडघ्याच्या वाटीमागे चरबीची गादी असते, तुमची सुजलीय." तेव्हापासून तिने तूप सोडलं होतं.

"अगं आई, ती चरबी सगळ्यांच्याच गुडघ्यात असते. तुपाचा काय संबंध?"

"तुझी आजी जन्मभर म्हणायची, हिला चरबी चढलीय. शेवटी डॉक्टरांना सापडली बघ!" आई हसली. मग रिकाम्या पायांकडे बघत म्हणाली, "उद्यापासून अंघोळीला बाई बघ गं."

केतकीने हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला. "वेडे, टाके उसवतील."

बाबा बाजारातून यायला अजून वेळ होता. बाळाला छातीशी धरून, भिंतीच्या आधाराने, केतकी हळूहळू आईशेजारी ओल्या फरशीवर टेकली. आता दोघींनाही उठता येणार नव्हतं.